लाइट गेली की दोरा तुटत नाही

श्रोतेहो, नमस्कार. मॅचिंगच्या दुकानातलं छोटं रीळ दोन ब्लाउज होतात न होतात तोच संपतं. म्हणून आपण 5000 यार्डांचा, म्हणजे साडेचार किलोमीटरहून जास्त दोऱ्याचा, शंकूच्या आकाराचा मोठा कोन आणतो आणि घरच्या मशीनवर, रिळाच्या दांडीत खोचतो. तिथून कटकट सुरू होते. शिवणाऱ्यांमध्ये यावरून एक किस्सा सांगतात, तो आधी ऐका.

एका शिवणवर्गात जुनं काळं पायमशीन होतं. त्यावर नवाकोरा पांढरा कोन चढला आणि वीतभर टीप झाली की वरचा दोरा तट्कन तुटू लागला. शिकवणाऱ्या बाईंनी सुई बदलली. शटल काढून पुसलं, तेलाचा थेंब सोडला, टेन्शनचा, म्हणजे वरच्या दोऱ्याच्या ताणाचा, स्क्रू सैल केला. तरी तट्! दुपारी लाइट गेली. पायमशीनला विजेचं काय? मुलींनी मशीन खिडकीशी ओढलं आणि काम चालू ठेवलं. एक अभ्रा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला, दोरा काही तुटेना. लाइट आली, मशीन जागेवर गेलं, आणि पुन्हा तट्! विजेवर न चालणारं मशीन लाइट आली की रुसतं, हे काय गौडबंगाल? मिस्त्री येऊन डोकं खाजवून गेला. मशीनला लिंबू-मिरचीसुद्धा बांधून झाली. शेवटी आईला डबा द्यायला आलेली एक चिमुरडी मान वर करून म्हणाली, "पंखा लावला की दोरा नाचतो ना!"

पंखाच होता तो. रीळ फिरतं, कोन फिरत नाही. एवढं लक्षात ठेवा. कोनाचा दोरा त्याच्या टोकावरून वर सुटायला हवा. तो वर धरणारी कडी नसली की सैल पडतो. वाऱ्याने उडालेला तो सैल वेढा कोनाखाली दांडीला अडकत होता, आणि मशीनने ओढलं की तुटत होता. पंखा नसला तरी आडवा ओढलेला दोरा कोनाच्या कडेला घासतोच. शिवाय कोनाच्या वजनाने प्लास्टिकची दांडी वाकते, ते वेगळंच.

म्हणून कोन मशीनवर नको, मशीनच्या मागे टेबलावर उभा ठेवा. डुगडुगत असेल तर रुंद पेल्यात बसवा. त्याच्या बरोबर मध्यावर, कोनाच्या दुप्पट उंचीवर, एक कडी हवी. तयार स्टँड मिळतो. नाहीतर कपड्यांच्या तारेच्या हँगरला पिळा मारून गोल कडी करा आणि मशीनच्या मागे चिकटपट्टीने घट्ट बसवा. दोरा सरळ वर, कडीतून, मग मशीनच्या पहिल्या गाइडमध्ये आणि पुढे नेहमीसारखा. पुन्हा सांगतो, कडी कोनाच्या डोक्यावर, बाजूला नाही.

कोन घेताना नंबर बघा. त्यातला पहिला आकडा वाढला की दोरा बारीक. साध्या सुती कपड्याला 40/2, म्हणजे 40 नंबरचे दोन पदर पिळलेला दोरा, आणि 14 नंबरची सुई. ओव्हरलॉकचा बारीक दोरा कडा मारायला ठीक, पण बगलेची शिवण त्याच्यावर सोडू नका, उसवते. आणि रंगासाठी दहा दुकानं कशाला पालथी घालायची? मध्यम करडा दोरा आतल्या शिवणीत निम्म्या कपड्यांना खपतो. लग्नाच्या ब्लाउजला तंतोतंत दोरा शोधत दिवस घालवणारे हुक मात्र हमखास विसरतात, असो.

दोरा तुटतो म्हणून टेन्शन सैल केलं असेल, तर कडी लावल्यावर ते परत बघा. चिंधीवर टीप मारा. खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे लोंबत असतील तर वरचं टेन्शन सैल आहे, स्क्रू थोडा आवळा. वरच्या बाजूला बॉबीनच्या दोऱ्याचे ठिपके दिसत असतील तर ते घट्ट आहे. स्क्रू पाव पाव फेऱ्याने फिरवा.

भरतकामाचा गुळगुळीत दोरा कोनावरून आपोआप घसरून तळाशी जमतो. त्याला सफरचंदावर येते ती मऊ फोमची जाळी चढवा, वरचं टोक मोकळं ठेवा. बॉबीनही याच कडीतून भरा, पण हळू. पॉलिस्टरचा दोरा वेगात भरला की ताणला जातो. शिवणीत गेल्यावर तो आखडतो आणि कापडाला चुण्या पडतात. मग इस्त्री कितीही फिरवा, त्या जात नाहीत.