मंगळवारची ४१ मिनिटं

नमस्कार. तुमच्यातले बरेच जण तासांवर बिल लावणारे आहेत. कुणी कोड लिहितं, कुणी भाषांतर करतं, कुणी सीएकडे आर्टिकलशिप करतंय. तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ सगळ्यांच्या ओळखीची असणार. टाइमशीट उघडायची, सोमवारी काय केलं ते आठवत नाही, मग पाचही रकान्यांत आठ-आठ टाकून मोकळं व्हायचं. मी एका कंपनीत सहा वर्षं हेच केलं. आम्ही अकरा तास बसलो तरी लिहायचे आठच. कुणाला फसवायचं मनात नव्हतं, पण पुढच्या प्रोजेक्टचं एस्टिमेट त्याच आकड्यांवरून निघायचं, ते कमी पडायचं, आणि रात्री पुन्हा आम्हीच बसायचो.

नोकरी सोडून स्वतःची कामं घेऊ लागले, तेव्हा कॉम्प्युटरवर अ‍ॅक्टिव्हिटीवॉच नावाचं वेळ टिपणारं सॉफ्टवेअर बसवलं. ते मोफत आहे, ओपन सोर्स आहे. समोर कुठलं अ‍ॅप उघडं आहे, विंडोच्या शीर्षकात काय लिहिलंय, एवढं ते टिपत राहतं. कीबोर्ड आणि माउस तीन मिनिटं हलले नाहीत की तुम्ही जागेवर नाही, असं धरतं. नोंदी आपल्याच कॉम्प्युटरवर राहतात. रेस्क्यूटाइमसारख्या सेवेत त्या त्यांच्या सर्व्हरवर जातात. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. का, ते सांगते पुढे.

पहिल्या आठवड्यात कळलं की माझ्या फाइलींची नावंच कुचकामी होती. ‘फायनल नवीन २’ या फाइलवर तीन तास गेलेले, पण कुणाचे? तेव्हापासून प्रत्येक फाइलच्या नावाआधी क्लायंटचा कोड लावते. शीर्षकात तो कोड दिसला की वेळ त्या क्लायंटच्या खात्यावर, असा नियम सॉफ्टवेअरमध्ये घालता येतो. निम्मी टाइमशीट तिथेच भरून होते.

उरलेली निम्मी मात्र आपणच भरायची. एका मंगळवारची नोंद सांगते. १०:५२ ते ११:३३, जागेवर नाही. एक्केचाळीस मिनिटं कोरी. त्या वेळी मी शेजारच्या टेबलावर कागद पसरून बसले होते. ग्राहकानं ऑर्डर अर्धीच परत केली तर पैसे कसे फिरवायचे, त्याचे बाण काढत होते, खोडत होते. मग कोड लिहायच्या एडिटरवर सव्वीस मिनिटं, आणि प्रोग्राम तयार. त्याच दुपारी एडिटरवर सलग दोन तासांची भरगच्च पट्टी दिसते. त्या दोन तासांत मी एकाच फाइलमध्ये नुसती चाचपडत होते. स्क्रीनवर काय उघडं होतं ते यंत्राला कळतं, डोक्यात काय चाललं होतं ते कळत नाही. म्हणून रोज संध्याकाळी, आठवण ताजी असताना, दहा मिनिटं काढून मी ती नोंद वाचते आणि टाइमशीट हातानं भरते. शुक्रवारची वाट बघत नाही.

त्याच दिवशीच्या नोंदीत बँकेचं पान होतं, आणि आईच्या रक्ततपासणीचा रिपोर्टही, तिच्या नावासकट. म्हणून सांगते, कच्ची नोंद कुणाला देऊ नका. द्यायची ती टाइमशीट. शीर्षकं वगळून फक्त अ‍ॅपचं नाव टिपायची सोयही आहे, पण मग क्लायंटच्या कोडचा तो नियम चालणार नाही; तो नको असेल तर ती वापरा. आणि तुमच्यात जे मॅनेजर आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, ती नोंद मागू नका. ती वर जाते हे कळलं की माणसं माउस हलवत बसतील. कागद-पेन्सिल घेऊन विचार करायला कुणी उठणार नाही, आणि खरं काम तर तिथेच होतं.

ल्युबिश्चेव्ह नावाचे रशियन कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९१६ पासून १९७२ साली वारेपर्यंत आपल्या वेळेची नोंद ठेवली, हातानं, मधला व्यत्यय वजा करून. छप्पन्न वर्षं! एवढी चिकाटी टिकली, कारण ती वही त्यांची स्वतःची होती, कुठल्या साहेबाला दाखवायची नव्हती, असं मला मनापासून वाटतं.

त्या मंगळवारच्या बिलात मी वेगळी ओळ लिहिली: ‘परताव्याची रचना, कागदावर, ४१ मिनिटं’. क्लायंटचा फोन आला, हे काय आहे? मी त्या खाडाखोडीच्या कागदाचा फोटो पाठवला. बिल पूर्ण मिळालं. कागद अजून त्यांच्या फाइलला लावलेला आहे.