बोटीचा ट्रेलर आणि चाकातलं खारं पाणी

श्रोतेहो, नमस्कार. मे महिना सरत आला की ठाण्यात आणि नवी मुंबईत नालेसफाई किती टक्के झाली यावर वाद सुरू होतात. मी आज त्याहून फार छोट्या गोष्टीवर बोलणार आहे. बोट वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या चाकातलं बेअरिंग, म्हणजे चाक आसावर हलकं फिरावं म्हणून आत बसवलेलं रोलरांचं कडं.

दिवाळे, सारसोळे, करावे, चेंदणी इथल्या कोळी मंडळींना ट्रेलरशी फारसं देणंघेणं नसतं, त्यांच्या होड्या खाडीकाठालाच असतात. ट्रेलरवरून फिरतात त्या हौशी लोकांच्या फायबरच्या बोटी, पाहणीला जाणाऱ्या बोटी आणि पुरात माणसं काढणाऱ्या बोटी. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तेव्हा हजारावर प्रवाशांना सोडवायला बोटी लावाव्या लागल्या होत्या. असा प्रसंग कधीही येऊ शकतो म्हणून बोटीचं इंजिन अधूनमधून चालू करून बघतात, जॅकेटं मोजतात. ट्रेलरच्या चाकाकडे कोण बघतं? हवा आहे ना, मग झालं!

आता हे बेअरिंग बिघडतं कुठे? लोकांना वाटतं रस्त्यावर, खड्ड्यांनी. खड्डे आपलं काम करतातच, पण बोटीच्या ट्रेलरचं बेअरिंग बहुतेक वेळा मरतं ते पाण्याच्या काठावर, उतरणीवरच्या त्या दोन मिनिटांत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून ट्रेलर ओढत आणला की हब, म्हणजे चाकाच्या मधला, बेअरिंग धरून ठेवणारा भाग, तापतो. समजा तो साठ अंशांवर गेला. तसाच मागे घेऊन खाडीच्या अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात बुडवला, की आतली हवा झटकन आकसते, जवळजवळ दहावा हिस्सा कमी होते. गरम भाजी भरून बंद केलेल्या स्टीलच्या डब्याचं झाकण गार झाल्यावर कसं ओढून बसतं, तोच प्रकार. फक्त इथे झाकणाच्या जागी रबराचं सील असतं. ते सील बनवलेलंच असतं आतलं ग्रीस बाहेर जाऊ नये म्हणून. आतून ओढ लागली की त्याची कड उचलली जाते आणि खारं पाणी आत येतं. दर वेळी थोडं थोडंच. पण आलेलं पाणी बाहेर जायला वाट नसते.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. काठावर पोचल्यावर लगेच ट्रेलर पाण्यात घालू नका. अर्धा तास थांबा, चहा घ्या, बोटीचे दोर सोडा, हबला हात लावून बघा. दुसरं, भरती बघून या. ओहोटीला आपल्या खाडीत नुसता चिखल उघडा पडतो, मग बोट तरंगावी म्हणून ट्रेलर खोल खोल ढकलावा लागतो. भरतीला पाणी उतरणीवर वर चढलेलं असतं, चाकं कमी बुडवून काम भागतं. परत आल्यावर गोड्या पाण्याने चाकं धुतात ते चांगलंच आहे, रिम आणि स्प्रिंगचे पाटे वाचतात. पण पाइपचं पाणी हबच्या आत जात नाही, तेव्हा धुतलं म्हणजे बेअरिंग वाचलं असं समजू नका.

आत गेलेलं खारं पाणी सगळ्यात जास्त नुकसान करतं ते ट्रेलर उभा असताना. चाक फिरत असलं तर ग्रीस घुसळलं जाऊन सगळीकडे पसरतं. उभ्या चाकात रोलर एकाच जागी टेकून राहतात, त्यांच्या बुडाशी पाणी साचतं आणि तिथेच गंज धरतो. असं बेअरिंग उघडून त्याचं बाहेरचं कडं, म्हणजे कप, उजेडात तिरपं धरा. आतल्या चकचकीत भागावर सारख्या अंतराने उभ्या काळ्या रेघा दिसतील. दोन रेघांमधलं अंतर दोन रोलरांमधल्या अंतराएवढं. त्या रेघांवरून बोटाचं नख फिरवलं की ते दर रेघेला अडखळतं. असा कप पॉलिश पेपरने घासून परत बसवणारे कारागीर आहेत. माझ्या मते ती फसवणूक आहे, स्वतःची आणि गिऱ्हाइकाची. कप आणि कोन, म्हणजे रोलर बसवलेलं आतलं कडं, ही जोडी असते, बदलायची तर दोन्ही एकदम बदलायची.

वर्षातून एकदा हब उघडाच. खाडीत उतरणारा ट्रेलर असेल तर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. चाकाचे नट जमिनीवर असतानाच ढिले करा, दुसऱ्या चाकाला पुढून-मागून दगड लावा, मग जॅक. आणि नुसत्या जॅकवर विसंबून राहू नका, खाली स्टँड द्या. चाक हाताने फिरवा आणि ऐका. खरखर आली की आत काहीतरी आहेच. डस्ट कॅप, म्हणजे हबच्या तोंडावरचं टोपण, काढा, स्प्लिट पिन सरळ करून ओढा, नट आणि वॉशर काढा. हब जरा पुढे ओढला की बाहेरचं छोटं बेअरिंग टपकन हातात येतं, ते मातीत पडू देऊ नका. मागचं सील उचकटून काढलं की आतलं बेअरिंग सुटतं.

इथे थांबून आधी ग्रीस बघा. ग्रीस काळपट झालं असेल तर ते जुनं आहे, एवढंच. दुधाळ, चहासारख्या रंगाचं झालं असेल तर पाणी शिरलंय. मग ते ग्रीस बोटाने बाजूला सारून वरून नवीन थापणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. सगळं डिझेलने किंवा रॉकेलने धुवा, अगदी रोलरांच्या जाळीतून. वाळवायला कॉम्प्रेसरची हवा मारून बेअरिंग गरगर फिरवायची काहींना सवय असते. कोरडं बेअरिंग त्या वेगाने फुटू शकतं, रोलर गोळीसारखा उडतो. फडक्याने पुसा, उन्हात ठेवा. धुतल्यावर रोलर निळसर दिसले तर ते तापून नरम पडलेत, बारीक खड्डे दिसले तर पोलादाचा पापुद्रा सुटायला लागलाय. दोन्ही वेळा भंगारात.

एक जागा हमखास राहून जाते. आसाच्या ज्या गोल भागावर सीलची कड घासते, तिथे गंजाने खाच पडलेली असते. खाच राहिली तर कितीही महागडं सील आणा, पाणी शिरणारच. बारीक पेपरने गुळगुळीत होत असेल तर करा, नाहीतर त्यावर बसणारी पातळ स्टीलची स्लीव्ह मिळते ती चढवा. सील मात्र दर वेळी नवीनच, दुहेरी कडेचं मिळालं तर उत्तम.

नवीन बेअरिंग आणायला जाताना जुनं बरोबर न्या, त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ३०२०५ असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणा, आतलं भोक पंचवीस मिलिमीटर. ३०२०६ म्हणजे तीस. बाहेरून आयात केलेल्या ट्रेलरला मात्र इंची मापं असतात. त्यातला एल ४४६४९ हा नेहमी दिसणारा कोन सत्तावीस मिलिमीटरला किंचित कमी भरतो आणि त्याचा कप एल ४४६१०. पंचविसाचं बेअरिंग तसल्या आसावर चढत नाही आणि तिसाचं डुगडुगतं, तेव्हा ‘बसवून देतो’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला नंबर सांगितला की माल मिळतो. बिल घ्या, कारण नामवंत कंपन्यांच्या खोक्यात नकली बेअरिंगही विकली जातात.

नवा कप हबमध्ये ठोकताना पितळी ड्रिफ्ट, म्हणजे ठोकायची दांडी, वापरा आणि समोरासमोर आलटून पालटून टोले द्या. कप जात असतो तोवर आवाज बोदा येतो. तळाशी टेकला की आवाज एकदम बदलतो, खणखणीत होतो. त्या आवाजाला थांबायचं.

ग्रीस कोणतं, हे नेहमी विचारतात. पाण्यात टिकणारं मरीन ग्रीस घ्या. त्यात कॅल्शियम सल्फोनेटचं खाऱ्या पाण्याला चांगलं पुरून उरतं. पण दोन जातींची ग्रीस एकमेकांत मिसळू नका, काहींचं मिश्रण पातळ होऊन वाहून जातं. तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या, बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहा, वरच्या बाजूने रोलरांच्या फटींतून ग्रीस वर येईपर्यंत. असं पूर्ण गोल फिरवा. कोरड्या रस्त्यावरच्या ट्रॉलीच्या हबची पोकळी गच्च भरत नाहीत, उगाच तापतं. पाण्यात उतरणाऱ्या हबात मात्र मी भरपूर भरतो. आत हवाच कमी राहिली तर पाणी ओढणार कोण?

आता नट. खाऱ्या पाण्यातून वाचलेली पुष्कळ बेअरिंग इथे मारली जातात. असल्या टेपर, म्हणजे उतरत्या रोलरांच्या बेअरिंगचा नट चाकाच्या नटासारखा आवळायचा नसतो. हब हाताने फिरवत फिरवत पान्याने घट्ट करा, म्हणजे सगळे रोलर जागेवर बसतील. मग पूर्ण ढिला सोडा, नुसत्या बोटांनी परत टेकवा आणि पिनचं भोक जुळत नसेल तर पुढे न आवळता मागे घ्या. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा खेळ राहिला तर तो दोष नव्हे, तसाच हवा. पिन नवीन घाला.

स्प्रिंगची ग्रीसकॅप आणि बाहेर ग्रीस भरायचं निप्पल असलेले हब आता मिळतात, चांगले आहेत. पण रोज ग्रीस गन मारायची हौस आवरा. जास्त दाबाने मागचं सील उलटतं आणि ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर उडालेलं दिसतं. तसं दिसलं की हब उघडल्याशिवाय ट्रेलर हलवू नका.

काम झाल्यावर पाच-सहा किलोमीटर रिकामा ट्रेलर ओढून आणा आणि दोन्ही हबवर हात ठेवा. कोमट लागले तर ठीक. एक दुसऱ्याहून जास्त तापलाय किंवा हात ठेवता येत नाही, तर नट आवळलेला आहे. बोटीत एक डबा ठेवाच: दोन्ही मापांची बेअरिंग कपासकट, सील, स्प्लिट पिना, ग्रीस, पाना. गायमुखच्या चढावर रात्री पावसात चाक रडायला लागलं तर तो डबा आणि बॅटरी एवढंच कामाला येतं. तिथे तापलेल्या हबवर पाणी मात्र ओतू नका. निवू द्या, मगच उघडा.