कॅनू ट्रिपला जाताय? आधी पाठीवरचं ओझं बघा

नमस्कार मंडळी! नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावरून बोलतोय. वारा आहे, आवाज कमीजास्त झाला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे मित्रांसोबत चार-पाच दिवसांची कॅनू ट्रिप. म्हणजे तंबू, शिधा, भांडी सगळं लांबट, उघड्या नावेत भरायचं आणि वल्हवत एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायचं. रात्री काठावर मुक्काम. रस्ता नाही, दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी कॅनडातलं ॲल्गॉनक्विन सांगेन. टोरांटोहून गाडीने साधारण तीन तास. १८९३ साली झालेलं हे उद्यान साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे आणि त्यात नावेने फिरायचे २,००० किलोमीटरहून जास्त मार्ग आहेत. नाव, वल्ही, तंबू सगळं तिथे भाड्याने मिळतं.

नागपुरात कोणालाही हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "पोहता येतं का?" प्रश्न बरोबरच आहे. पण त्याच्याही आधी मी विचारतो, भाऊ, ओझं घेऊन जंगलातून किलोमीटरभर चालता येतं का? कारण बऱ्याच ठिकाणी एक तळं संपतं आणि दुसरं पायवाटेच्या पलीकडे असतं. मधल्या वाटेवर नाव आणि सामान आपणच वाहून न्यायचं. याला पोर्टेज म्हणतात. काठावर पिवळी पाटी दिसली की समजायचं, इथून पायी.

दोघांची केव्हलरची, म्हणजे हलक्या पण मजबूत कृत्रिम धाग्याची, नाव साधारण २० किलोची असते. तिच्या मधोमध एक आडवी पट्टी असते, ती बैलाच्या मानेवरच्या जूसारखी आपल्या खांद्यांवर बसते. नाव उलटी डोक्यावर आली की समोरचं जवळजवळ काही दिसत नाही. दिसतात फक्त पुढची चार पावलं, वर आलेली मुळं, ओले दगड. मान आखडते, घाम डोळ्यात जातो आणि हात मोकळे नसल्यामुळे डासही हाकलता येत नाहीत.

आता हिशोब नीट बघा. सगळं सामान एका खेपेत गेलं तर १ किलोमीटरची वाट १ किलोमीटरच राहते. दोन खेपा लागल्या तर? जाणं, रिकामं परत येणं, पुन्हा जाणं. झाले ३ किलोमीटर. दिवसात अशा तीन वाटा आल्या तर ३ऐवजी ९ किलोमीटर चालणं होतं आणि मुक्कामाला पोचेपर्यंत अंधार पडतो. म्हणून चौघं, दोन नावा आणि सगळं एका खेपेत. दोघांनी नावा घ्यायच्या, दोघांनी जड बॅगा. चौघांत ज्याचा गुडघा दुखतो त्याने ते घरीच सांगायचं, कारण मार्ग त्याच्या चालीने ठरवायचा.

शिध्याचंही तेच. आतल्या भागात डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे. ते आपल्या पथ्यावरच पडतं! तांदूळ, मूगडाळ, पोहे, सातूचं पीठ, शेंगदाणे. हे सगळं टोरांटोतल्या भारतीय दुकानांत मिळतं. तर्रीदार रस्सा नको. तेलकट भांडी घासायला तळ्यात साबण वापरायचा नाही, आणि तिथे काळी अस्वलं आहेत. रात्री शिध्याची पिशवी जमिनीपासून ४ मीटर उंच आणि खोडापासून निदान २ मीटर दूर टांगायची. टूथपेस्टसुद्धा तंबूत ठेवायची नाही.

आता कृपा करून हे लक्ष देऊन ऐका. आपल्याला अंबाझरीच्या, फुटाळ्याच्या पाण्याची सवय. तिथल्या तळ्यांवर एप्रिलपर्यंत बर्फ असतो, मे महिन्यातही पाणी जीवघेणं गार. अशा पाण्यात पडलात तर पहिलं १ मिनिट श्वास आवरण्यात जातं. पुढे साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला तासभर लागू शकतो, पण हातपाय गळाल्यावर जॅकेटशिवाय कोण तरंगणार? म्हणून लाइफ जॅकेट अंगात हवं, बुडाखाली नको. मोठ्या तळ्यावर दुपारी वारा सुटतो, लाटा उठतात. सकाळी लवकर निघायचं आणि काठ धरून जायचं.

मे-जूनमध्ये चावणाऱ्या काळ्या माश्या आणि डास हैराण करतात. माझ्या मते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात चांगला. पाणी उन्हाळ्यात तापलेलं, माश्या गेलेल्या, गर्दी कमी.

तयारी इथेच होते. बॅगेत १५ किलो तांदूळ भरा आणि रविवारी पहाटे रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढा. चौघांनी मिळून चढा, म्हणजे कोण कुठे थांबतो ते कळेल. मुक्कामाचं बुकिंग तारखेच्या ५ महिने आधी उघडतं. सप्टेंबरला जायचं तर एप्रिलमध्ये तयार राहा, आणि व्हिसाचा अर्ज त्याच्याही आधी टाका.