कनवटीची डबी

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका डबीविषयी बोलायचं आहे. पत्र्याची नाहीतर प्लॅस्टिकची, मुठीत मावेल एवढी. कागलला जा, राधानगरीला जा, शिरोळला जा, भांगलायला निघालेल्या कितीतरी बायकांच्या कनवटीला ती असते. एखादी खुरपं घरी विसरेल, पण डबी विसरायची नाही. मिश्रीची डबी.

मी बायकांची डॉक्टर आहे. कोल्हापुरात दवाखाना चालवते त्याला 25 वर्षं होत आली. त्यातली पहिली काही वर्षं ही डबी माझ्या नजरेलाच पडत नव्हती. ती कशी पडली, ते आधी सांगते.

एक पहिलटकरीण होती. शेतात कामाला जाणारी, अंगानं बारीक, गप्प स्वभावाची. सासूबरोबर तपासायला यायची. पहिल्या खेपेला मी कागदावरचे प्रश्न विचारले. घरात कुणाला साखर? नाही. रक्तदाब? नाही. तंबाखू, काही व्यसन? सासूच मध्ये बोलली, "अगं बाई, आमच्या घरात असलं काय न्हाई." मी "नाही" लिहिलं. पुढं पाच वेळा तपासलं, पाचही वेळा तो रकाना तसाच राहिला. बाळ दिवस भरायच्या आधी तीन आठवडे आलं. वजन 1 किलो 900 ग्रॅम. तिसऱ्या दिवशी मी खाटेपाशी उभी होते, तेव्हा सासूनं हळूच विचारलं, "बाई, आता हिला मिश्री लावू दे का? दोन दिस झालं, परसाकडला झालं न्हाई तिला."

"आता म्हणजे? आधी लावत होती?"

"लावायची की! लगीन होऊन आली तवापास्नं. मीच शिकवली."

त्या बाईनं माझ्यापासून काहीच लपवलेलं नव्हतं. मी तंबाखू खाता का म्हणून विचारलं होतं, आणि सून तंबाखू खात नव्हती. ती दात घासत होती. चूक माझ्या प्रश्नात होती. बाळ लहान झालं त्याचा सगळा दोष मी मिश्रीवर टाकणार नाही, पोरीच्या अंगात रक्तही कमी होतं. पण नऊ महिने जी गोष्ट दिवसातून चार-पाच वेळा तिच्या तोंडात होती, ती मला कळलीच नाही. तेव्हापासून मी "व्यसन" हा शब्द सोडला. आता मी विचारते, "मिश्री दिवसातून किती वेळा लावता?" मान खाली घालून का होईना, उत्तर खरं येतं.

श्रोत्यांपैकी शहरातल्या काही तरुण मुलांना मिश्री म्हणजे काय ते ठाऊक नसेल. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि हातानं चुरडून पूड करायची, ती मिश्री. ज्या दिवशी मिश्री भाजली जाते त्या दिवशी घरभर ठसका उठतो, लेकरं खोकत अंगणात पळतात. मग ती पूड डबीत भरायची, बोटावर घेऊन हिरड्यांवर चोळायची, आणि खालचा ओठ पुढं ओढून त्याच्या आत थोडी ठेवून द्यायची. पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास. पहिल्यांदा चक्कर येते, मळमळतं, घाम फुटतो. ज्या बायकांशी मी बोलले त्या जवळजवळ सगळ्यांना तो पहिला दिवस आठवतो. कुणाची दाढ दुखत होती म्हणून आईनं दिली, कुणाच्या हिरड्यांतून रक्त येत होतं म्हणून जावेनं दिली. दाताच्या डॉक्टरकडं जायला पैसे नव्हते, दिवसाचा रोजगार बुडवायची सोय नव्हती. डबी घरातच होती.

आणि ती परसाकडची गोष्ट. ती मला बायकांनी इतक्या वेळा सांगितली आहे की इथं संकोच करून चालणार नाही. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं त्या म्हणतात, आणि ते खोटं नाही. तंबाखूतलं निकोटीन आतड्यांना ढोसतं. पण जरा मागं जाऊन विचार करा. घरात संडास नव्हता तेव्हा बाईला उजाडायच्या आत उरकून यावं लागे. एकदा का माणसं रस्त्याला लागली, की मग अंधार पडेपर्यंत कळ काढायची. अशा वेळी पोटाला घड्याळाप्रमाणे चालवणारी एखादी वस्तू हाताशी असली, तर ती कोण सोडेल? आज बऱ्याच घरांत संडास झाले, सवय मात्र त्या अंधारातल्या पहाटेचीच राहिली आहे.

भुकेचंही तसंच. सकाळी सगळ्यांचे डबे भरायचे, जनावरांचं बघायचं, आणि नऊच्या ठोक्याला दुसऱ्याच्या बांधावर उभं राहायचं. स्वतःची भाकरी दुपारी एकला. मधल्या वेळेत ओठाखाली मिश्री ठेवली की भूक मरते, अंगात जरा तरतरी येते. म्हणजे ज्या बाईला दाताचा इलाज मिळाला नाही, वेळेवर जेवण मिळालं नाही, दहा मिनिटं टेकायला मिळालं नाही, तिला आपण सगळ्यांनी मिळून त्या सगळ्याच्या बदल्यात एक चिमूट मिश्री दिली. म्हणून तिला "व्यसनी" म्हणून झिडकारणाऱ्या माणसाचा मला राग येतो. तो घरचा असो, नाहीतर आमच्या पेशातला.

तंबाखू आपल्याला परका नाही. निपाणी इथून तासाभराच्या वाटेवर. त्या पट्ट्यात विडीच्या तंबाखूवर घरं उभी राहिली, वखारीत बायकांनी तंबाखू चाळत आयुष्यं काढली. 1981 साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या मागे शेतकरी तिथं रस्त्यावर बसले होते. तंबाखूवर ज्यांचं पोट होतं, त्यांच्याविषयी माझ्या मनात कसलीही अढी नाही. पण म्हणून मिश्रीला दंतमंजन म्हणता येणार नाही.

दंतमंजनाचा विषय निघालाच आहे तर सांगते. दात घासायच्या पेस्टमध्ये आणि पावडरीत तंबाखू घालायला आपल्या देशात 1992 पासून बंदी आहे. कारण उघड आहे. रोज तोंडात जाणाऱ्या वस्तूतून तंबाखू गेला तर माणसाला कळायच्या आत त्याची सवय लागते. कारखान्यातल्या डब्याला हा कायदा लागला. चुलीवरच्या तव्याला कोण लावणार?

2016-17 साली देशभर तंबाखूची मोठी पाहणी झाली. तिच्यानुसार महाराष्ट्रात दर 100 प्रौढ बायकांमागे 17 जणी कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्या त्यात अगदी थोड्या. बाकीच्यांचा तंबाखू तोंडात असतो, आणि त्याचा धूर होत नाही म्हणून तो घरातल्या पुरुषांनाही दिसत नाही.

भाजल्यानं तंबाखूतलं विष जळून जातं, असं मला एका शिकलेल्या माणसानंच सांगितलं होतं. तसं होत नाही. निकोटीन राहतंच, उलट करपल्यामुळं आणखी काही घातक द्रव्यं तयार होतात. बिनधुराचा तंबाखू माणसात कॅन्सर करतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं निःसंदिग्धपणे मांडलेलं आहे. आणि ज्या दातांसाठी मिश्री सुरू झाली त्या दातांचं काय होतं? हिरडी मागं सरकते, मुळं उघडी पडतात, गार पाणी झोंबतं, आणि पन्नाशीच्या आत पुढचे खालचे दात हलायला लागतात. मग ते दुखतात म्हणून आणखी मिश्री.

पोटुशी बाईनं मिश्री लावली तर निकोटीन बाळापर्यंत जातं आणि वारेचा रक्तपुरवठाही कमी होतो. मुंबईत गरोदर बायकांचा एक अभ्यास झाला होता, 2004 मध्ये तो प्रसिद्ध झाला. बिनधुराचा तंबाखू घेणाऱ्या आयांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनी हलकी निघाली, आणि दिवस भरायच्या आधी जन्मणाऱ्यांचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. 105 ग्रॅम म्हणजे काय, असं वाटेल. सव्वातीन किलोच्या बाळाला फरक पडणार नाही कदाचित. दोन किलोच्या बाळाला विचारा.

आता एक काम सांगते, आजच करायचं. उजेडात आरसा घेऊन उभं राहा. चूळ भरा. खालचा ओठ पुढं ओढून, जिथं मिश्री ठेवता ती खाच नीट बघा. मग दोन्ही गाल आतून, मग जिभेच्या कडा. पांढरा चट्टा दिसतो का, जो पुसून जात नाही? लाल मखमलीसारखा डाग? तीन आठवडे होऊनही न भरलेली जखम? तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडतंय का, तिखट जास्त झोंबतंय का? गळ्याला गाठ लागते का? यातलं काहीही असेल तर थांबू नका. दुखत नाही म्हणून तर मुळीच थांबू नका, कारण सुरुवातीला हे दुखतच नाही. गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, कोल्हापूरच्या आपल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवा. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात मोठा प्रयोग झाला होता. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन लोकांच्या तोंडात नुसतं डोळ्यांनी बघितलं. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्या लोकांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू त्यानं सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. मोठं यंत्र नव्हतं, सुई नव्हती. बघणारं माणूस होतं.

म्हणून आशाताईंना माझी हात जोडून विनंती आहे. तिशीपुढच्या माणसांचा तक्ता तुम्ही भरता, त्यात तंबाखूचा प्रश्न असतो. तिथं मिश्रीचं नाव घेऊन विचारा. आणि सासू समोर असेल तर सुनेला एकटीला बाजूला घेऊन विचारा. तुम्ही हे आमच्यापेक्षा चांगलं करू शकता, कारण तुम्ही त्याच गल्लीतल्या.

सोडायची कशी? पहिले तीन-चार दिवस फार जड जातात. डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप उडते, आणि पोट साफ होत नाही. इथंच बहुतेक जणी परत डबी उघडतात. म्हणून पोटाची तयारी आधी करा. उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, ज्वारीची भाकरी, मिळेल तेव्हा पेरू, रात्री लागलं तर पाण्यातून इसबगोल. दोन ते चार आठवड्यांत आतडी आपल्या चालीनं चालायला लागतात. दिवसाला सहा वेळा लावत असाल तर आधी दुपारची सोडा, मग रात्रीची, आणि सकाळची शेवटी. काहींना एका दिवसात सोडणंच जमतं, त्यांनी तसं करावं. निकोटीनचा च्युइंगगम मिळतो, पण तो कसा चघळायचा ते डॉक्टरांकडून समजून घ्या, आणि गरोदर असाल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

घरच्यांना एवढंच सांगते की पहिला महिनाभर तिची चिडचिड सहन करा. सकाळी कामाला निघायच्या आधी ती दोन घास खाते की नाही, तेवढं बघा. आणि स्वतःच्या खिशात मावा-गुटखा ठेवून बायकोला मिश्री सोड म्हणून सांगू नका. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे आणि तरी तो कुठं मिळतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

सरकारची तंबाखू सोडवणारी फोनसेवा आहे. नंबर लिहून घ्या, मी सावकाश सांगते. 1800 11 2356. पुन्हा सांगते, एक आठ शून्य शून्य, एक एक, दोन तीन पाच सहा. पैसे पडत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात पन्नाशीच्या एक मावशी आल्या होत्या. दिवसाला आठ वेळा मिश्री. खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा, तुकडा काढून तपासला, कॅन्सर नव्हता. तरी मी त्यांना दर महिन्याला बोलावते. दिवाळीनंतर आल्या तेव्हा विचारलं, "मावशी, डबी कुठं आहे?" त्यांनी कनवटीची डबी काढून माझ्या टेबलावर उघडली. आत बडीशेप होती. मी खूश झाले, तर त्याच म्हणाल्या, "खरं सांगू का बाई, बाजारादिवशी भन भेटली की तिच्या डबीतली एक चिमूट लावतो. तेवढं सुटंना झालंय."

मी त्यांना सांगितलं, पुढच्या खेपेला बहिणीला बरोबर घेऊन या. येत्या शुक्रवारी दोघी येणार आहेत.

नमस्कार.