कपाटातलं परकं पुस्तक

नमस्कार श्रोतेहो. योग म्हटलं की आधी सतरंजी आठवते. पण पतंजलींनी योगसूत्रांत सांगितलेल्या योगाच्या आठ अंगांत आसन तिसरं आहे. आधी यम, म्हणजे इतरांशी वागताना पाळायचे संयम, मग नियम, म्हणजे स्वतःला लावायची शिस्त, मग आसन. आसनावर सूत्रं किती? अवघी ३. सतरंजी गुंडाळली की आजचा योग संपला, असं लोक म्हणतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

यम ५, नियम ५. आज मला बोलायचंय एकाच यमाबद्दल. अस्तेय. म्हणजे चोरी न करणं.

मागच्या महिन्यात कपाट आवरताना एक पुस्तक हाती आलं. शिवण उसवलेली, पहिल्या पानावर पेन्सिलीनं नाव. माझं नव्हे, माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचं. पुस्तकावर नाव घालायची ही पद्धत पुन्हा यायला हवी, खरंच. अकरा वर्षांपूर्वी 'वाचून देतो' म्हणून मी ते आणलं होतं. मध्ये मुलीनं विचारलंही होतं, "बाबा, हे कुणाचं?" मी म्हणालो होतो, "राहू दे, आपलंच आहे."

त्याच संध्याकाळी पुस्तक घेऊन गेलो. मैत्रिणीनं दार उघडलं, पुस्तक घेतलं आणि उभ्या उभ्याच पानं उलटायला लागली. मी माफी मागत होतो, तिचं लक्ष नव्हतं. ती समास बघत होती. वडील समासात बारीक अक्षरात लिहायचे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. "याची नवी प्रत मी केव्हाच आणली रे," ती म्हणाली, "पण ही अक्षरं तिच्यात कुठली? रद्दीत गेलं समजून आईला किती बोलले मी."

श्रोतेहो, आईला बोलले.

साधनपादातलं, म्हणजे योगसूत्रांच्या दुसऱ्या प्रकरणातलं ३४वं सूत्र सांगतं, हिंसा, असत्य, चोरी या गोष्टी तीन तऱ्हांनी घडतात. स्वतः केलेल्या, दुसऱ्याकडून करवलेल्या आणि नुसती संमती दिलेल्या. पुन्हा सांगतो: केलेल्या, करवलेल्या, संमती दिलेल्या. त्यांच्या मागे लोभ, क्रोध किंवा मोह. आणि त्या सौम्य, मध्यम किंवा तीव्र. सूत्रांवरच्या व्यासभाष्यात, म्हणजे जुन्या टीकेत, हिंसेचे असे २७ प्रकार मोजलेत. माझी चोरी मी इतके दिवस सौम्यात धरत होतो. पण सौम्य असली तरी पतंजली तिला यादीतून वगळत नाहीत. वगळत नाहीत. आणि मुलीला दिलेलं ते उत्तर? तिथे सत्य हा यमही गेला.

त्याआधीचं सूत्र उपाय सांगतं: प्रतिपक्षभावन. मनात वाकडं आलं की त्याच्या उलट बाजूचा विचार जागवायचा. माझ्यासाठी आता ती बाजू म्हणजे मैत्रिणीच्या आई.

परवा त्यांना भेटून आलो. सगळं सांगितलं. "मी नव्हतंच टाकलं," एवढंच त्या म्हणाल्या, दोनदा. मग आतून पुस्तक आणलं, चष्मा पुसला, एक पान उघडून माझ्यापुढे धरलं.

"हे वाचून दाखव. फार बारीक लिहायचे."

मी वाचायला लागलो.