५ एप्रिल की ४ मे?

श्रोतेहो, नमस्कार. समजा, पतसंस्थेच्या एका कर्जदाराने ५ एप्रिल २०२४ रोजी हप्ता भरला आणि ती नोंद संगणकावर ४ मे अशी उमटली, तर २९ दिवसांचे विलंबव्याज विनाकारण त्याच्या माथी बसू शकते. म्हणून संगणकात दिवस आणि महिना उलटे होण्याचा हा विषय केवळ हिशेबनिसांचा आहे, असे मी मानत नाही.

एक्सेल हा तक्ते आणि हिशेब करण्याचा प्रोग्राम तारीख आपल्याला दिसते तशी साठवत नाही. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून तो प्रत्येक दिवसाला क्रमांक देते. ५ एप्रिल २०२४ चा क्रमांक ४५३८७ आहे. आपण ०५/०४/२०२४ असे टाइप करतो किंवा सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल, उघडतो, त्याच क्षणी हा क्रमांक ठरतो आणि तो ठरवताना संगणकाची रीजन सेटिंग, म्हणजे त्यावर नेमलेला देश, पाहिली जाते. ती अमेरिकेची असेल, तर पहिला आकडा महिना धरला जातो. क्रमांकच चुकीचा पडल्यावर सेलचा फॉरमॅट कितीही बदलला, तरी केवळ चुकीच्या तारखेचे रूप पालटते.

१३/०४/२०२४ या नोंदीला मात्र तेरावा महिना सापडत नाही, म्हणून ती साधा मजकूर होऊन सेलच्या डाव्या कडेला राहते. ही चूक डोळ्यांना दिसते, आणि माझ्या मते ते आपले भाग्यच आहे. दिवसाचा आकडा १२ किंवा त्याहून कमी असला, की चूक निमूटपणे लपते. १/१, २/२ अशा १२ तारखा वगळल्या, तरी वर्षातले १३२ दिवस असे उलटे होतात आणि रकाना वरवर निर्दोष दिसतो.

म्हणून डावीकडे सरकलेल्या चार तारखा हाताने दुरुस्त करून थांबू नये. मूळ सीएसव्ही फाइल पुन्हा घ्यावी, तारखांचा रकाना आधी मजकूर म्हणूनच आत आणावा आणि मग एक्सेलच्या ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ या सोयीच्या तिसऱ्या पायरीवर ‘डेट’ निवडून ‘डीएमवाय’, म्हणजे दिवस-महिना-वर्ष, हा क्रम सांगावा. गूगल शीट्स या गूगलच्या ऑनलाइन तक्त्यांमध्ये देशाची सेटिंग, म्हणजे ‘लोकेल’, त्या-त्या फाइलची असते. ‘फाइल’ मेनूतील ‘सेटिंग्ज’मध्ये ‘लोकेल’ भारत करावे, आणि तेही नोंदी भरण्यापूर्वी.

परदेशातल्या नातलगांना किंवा कार्यालयांना फाइल पाठवायची असेल, तर २०२४-०४-०५ असा वर्ष, महिना, दिवस हा क्रम ठेवावा. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा हाच क्रम आहे.