फरशी बसवणारा कारागीर निवडताना

श्रोतेहो, नमस्कार. फरशी निवडण्यासाठी आपण सहकुटुंब दुकानात जातो आणि रंग, नक्षी व चकाकी पाहण्यात अर्धा दिवस घालवतो. ती बसवणारा माणूस मात्र दुकानदाराने दिलेल्या पहिल्याच फोन नंबरवरून ठरतो. माझ्या मते अधिक चौकशी या माणसाची व्हायला हवी, कारण फरशी किती वर्षे टिकणार हे तिच्याखाली काय आणि कसे घातले आहे यावर ठरते, आणि ते एकदा झाकले गेले की कोणालाच दिसत नाही.

पूर्वी घरोघरी शहाबादी किंवा कोटा फरशी असे. हा दगड वाळू-सिमेंटच्या मालावर चांगला धरतो आणि आपल्याकडचे अनेक गवंडी हेच काम शिकत मोठे झाले. आज बहुतेक घरांत येणारी व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल मात्र अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी पाणी शोषते. त्यामुळे तिच्यावर डाग मुरत नाहीत, पण त्याच गुणामुळे नुसते कालवलेले सिमेंटही तिच्या पाठीला घट्ट चिकटत नाही. तिच्यासाठी टाइल अॅडेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवण्याचे खास मिश्रण लागते. ते आय. एस. 15477 या भारतीय मानकाचे असावे, दातेरी थापीने सर्वत्र सारखे पसरावे आणि त्याखालचा थर आधी समतल करून घेतलेला असावा. चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी मालाचे गोळे ठेवून वरून टाइल ठोकली, तर काम लवकर उरकते. पण मधल्या जागा पोकळ राहतात आणि स्वयंपाकघरात जड कुकर हातातून सुटला की नेमकी तीच टाइल तडकते. म्हणून कारागिराला पहिला प्रश्न दराचा न विचारता, खाली काय घालणार आणि कसे पसरणार, हा विचारावा. ज्याला काम येते तो या प्रश्नाने चिडत नाही, उलट खुलून बोलू लागतो.

त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेले एखादे घर पाहायला मिळाले तर अवश्य पाहावे. तिथे सांधे एका ओळीत आहेत का, दाराच्या चौकटीजवळचे काप स्वच्छ आहेत का आणि न्हाणीघरातले पाणी जाळीकडे आपोआप वाहते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

जुन्या इमारतीत फरशीवर फरशी घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. दोन इंच जाडीच्या मालाचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 100 किलो भरते. म्हणजे दहा बाय बाराच्या एकाच खोलीत टनाहून अधिक भार वाढतो, आणि टाइलचे वजन वेगळेच. अशा ठिकाणी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुनी फरशी न्हाणीघरातली असेल आणि ती उखडावी लागत असेल, तर नव्याने वॉटरप्रूफिंग करून किमान दोन दिवस पाणी साठवून पाहावे. खालच्या घराचे छत ओले झाले, तर त्यापायी शेजाऱ्यांशी वर्षानुवर्षांचे संबंध बिघडतात.

दर उक्ता असो वा चौरस फुटावर, त्यात स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावायची टाइलची पट्टी), सांधे भरणे, राडारोडा उचलणे आणि साफसफाई येते की नाही, हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. टाइल मोजणीपेक्षा सुमारे दहा टक्के जास्त घ्याव्यात आणि सर्व खोक्यांवरचा बॅच नंबर एकच असल्याची खात्री करावी, कारण बॅच बदलली की छटाही बदलू शकते.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. कोरड्या कटरमधून उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षे छातीत गेल्यास कारागिराची फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात. पाणी सोडून कापण्याचा आग्रह धरावा, त्याला चांगला मास्क आणून द्यावा, आणि त्यामुळे काम एक दिवस लांबले तर त्या दिवसाची मजुरी आनंदाने द्यावी.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी प्रत्येक टाइल नाण्याने किंवा लाकडी दांड्याने हलकेच ठोकून पाहावी. जिथे पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण करावी आणि ती टाइल कारागीर घरात असतानाच बदलून घ्यावी.